तपासले, बरोबर

२१ मे, शनिवार

आज दुपारी सव्वातीनला मला दारू पिऊन वाहन चालवताना पोलिसांनी धरलं. वाहन म्हणजे सायकल. मलाही आधी हसूच आलं होतं.

आमच्या मापन कार्यालयातले हेडक्लार्क निवृत्त झाले, त्यांचं निरोपाचं जेवण होतं. पाच भाषणं झाली आणि पाचही भाषणांत ते मनमिळाऊ निघाले. मी अडीच तासांत दोन ग्लास बिअर घेतली, तीही जेवणाबरोबर. गाडी मुद्दाम घरी ठेवून सायकलने गेलो होतो, कारण मी जबाबदार माणूस आहे. परत येताना पुलाच्या उतारावर एक बाई अचानक आडव्या आल्या, मी जरा वाकडा गेलो, आणि तेवढं निमित्त एका कोवळ्या पोलिसाला पुरलं.

"काका, फुंका जरा यात."

मी निर्धास्तपणे फुंकलं. मर्यादा पन्नासची. आकडा आला एकशे पंचेचाळीस.

"पुन्हा फुंकतो," म्हटलं. पुन्हा एकशे त्रेचाळीस. "यंत्र बिघडलंय तुझं," मी म्हटलं. त्याने यंत्र उलटं केलं आणि मागचा स्टिकर माझ्या नाकासमोर धरला. 'तपासले, बरोबर.' त्याखाली सही. सही माझी.

श्वासातली दारू मोजणारी ही यंत्रं तपासून त्यांवर सही करणं हीच माझी नोकरी. गेली नऊ वर्षं. हे यंत्र नंबर सतरा होतं.

पोराने माझं नाव विचारलं, मग स्टिकर वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला हसू आवरेना. थोबाडीत द्यावीशी वाटली.

२२ मे, रविवार

नियम मला तोंडपाठ आहे. सायकल हेही वाहनच. आकडा शंभरच्या वर गेला की दंडावर भागत नाही, खटला उभा राहतो. शिक्षा लागली की मोटारीचा परवानाही वर्षभर जप्त, आणि माणूस सरकारी नोकरीत असेल तर नोकरीही गेली. हा नियम मी चारचौघांत कितीदा म्हणून दाखवलाय. मेहुण्यालाही मीच म्हणून दाखवला होता.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. पोस्टमन होता. मी त्याला बिनतिकिटाचं पाकीट म्हणतो, कारण कुठेही जाऊन पडतो आणि लोक कौतुकाने उचलून घेतात. ३ फेब्रुवारीला टपाल वाटताना सायकलवर पकडला गेला, आकडा एकशे चाळीस. त्याचं म्हणणं, एका म्हाताऱ्याला मुलाचं पत्र वाचून दाखवलं, त्याने आग्रह केला म्हणून अर्धा ग्लास बिअर घेतली. अर्धाच. मी सगळ्या घरासमोर सांगितलं की अर्ध्या ग्लासात एकशे चाळीस होत नाही. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.

कोर्टाने यंत्राचा जाणकार म्हणून मलाच बोलावलं. नात्याचं कारण सांगून मला नाही म्हणता आलं असतं. पण साहेब म्हणाले, "नात्यातला माणूस असून विरुद्ध बोलतो म्हटल्यावर साक्षीला वजन येईल." ते खरंच होतं. १४ मार्चला सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मी कोर्टात होतो. ही मागच्या बाकावर माझा डबा मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याचा डबा आणि भावाचा खटला.

त्याला शिक्षा लागली, नोकरी गेली. महिन्याभरात बायको नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी गेली. निघताना ती पोरगी आमच्या जिन्यात उभी राहून मला म्हणाली, "काका, माझा बाबा प्यायला नव्हता." मी म्हटलं, "बाळा, यंत्राला बाबा-बिबा कळत नाही." तेव्हा हे वाक्य मला फार छान सुचल्यासारखं वाटलं होतं.

आज ही चहा देताना एवढंच म्हणाली, "मग? यंत्र खोटं बोलत नाही ना?" मी चहा तसाच ठेवला.

२३ मे, सोमवार

सोमवारी यंत्रं येतात. पेटीत चोवीस असतात, आज तेवीस आली. सतरा नंबर पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवून घेतलंय.

ही वही कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. एक यंत्र नीट तपासायचं तर वीस मिनिटं लागतात. ठरलेल्या मापाचं पाणी-दारूचं मिश्रण बाटलीत शरीराइतकं कोमट करायचं, त्यातून हवा सोडायची, ती हवा यंत्रात. असं तीनदा, आणि तिन्ही वेळा पन्नासच्या जवळ यायला हवं. चोवीस यंत्रं म्हणजे आठ तास. इतकी वर्षं एकही यंत्र चुकलेलं मी पाहिलं नाही. म्हणून मी वरची तीन तपासतो आणि बाकीची खुर्चीत बसून लिहितो. त्यातही कला आहे. सगळीकडे पन्नास लिहिलं तर संशय येतो. एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न. मध्येच एखादा अठ्ठेचाळीस. वरचे साहेब मागे म्हणालेही होते की तुमच्या आकड्यांना जिवंतपणा आहे.

सतरा नंबर पेटीच्या तळाशी बसतो. एकही यंत्र चुकलेलं पाहिलं नाही हे खरं, पण तळातली पाहिलीच नाहीत हेही खरं.

२४ मे, मंगळवार

वकीलबाई हुशार आहेत आणि तोंडाच्या फटकळ. म्हणाल्या, "यंत्र चुकीचं दाखवतं हे सिद्ध झालं की तुम्ही सुटलात. यंत्रावर सही कुणाची आहे?" मी म्हटलं, माझी. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चक्क दोन्ही हातांनी तोंड झाकून हसल्या.

मग म्हणाल्या, "दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासायची मागणी करू. पण विचार करा. ते बिघडलेलं निघालं तर कधीपासून बिघडलंय हा प्रश्न येणारच."

कार्यालयात येऊन जुने कागद काढले. ३ फेब्रुवारी. मेहुण्याने कुठल्या यंत्रात फुंकलं होतं ते मी तेव्हा पाहिलंही नव्हतं. सतरा नंबर.

दार लावून बसलो थोडा वेळ. म्हणजे त्याचे एकशे चाळीसही माझ्यासारखेच फुगलेले. म्हणजे अर्धा ग्लास नाही, थोडा जास्तच घेतला असणार गाढवाने. पण मर्यादेच्या आत.

६ जून, सोमवार

दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. पन्नासच्या मिश्रणाला सतरा नंबर दीडशे दाखवतं. सरसकट तिप्पट. म्हणजे माझा खरा आकडा अठ्ठेचाळीस, मेहुण्याचा सत्तेचाळीस. माझ्या जिवात जीव आला. मी प्यायलो नव्हतो! आणि गेले पंधरा दिवस शिपायापासून सगळे माझ्या तोंडाचा वास घेतल्यासारखं करून बाजूने जातायत. एखाद्याला खोटं ठरवून मोकळं व्हायचं, त्या माणसाचं आत काय होतं याची लोकांना कल्पना नसते.

हिला सांगितलं. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्हणजे यंत्र खोटं बोलू शकतं."

"हे एक बिघडलेलं होतं."

"कधीपासून?"

बायकोला कायद्यातलं काही कळत नाही आणि प्रश्न मात्र वकिलाचा विचारते. मी म्हटलं, ते तपासावं लागेल.

८ जून, बुधवार

साहेबांनी बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं तेव्हाच ओळखलं.

"सतरा नंबरवर या वर्षात एकतीस जणांना शिक्षा लागलीय," ते म्हणाले. "एकतीस जण उद्या दारात येतील. त्यातला एक तुमच्या घरातलाच आहे आणि त्याच्या खटल्यात तुम्ही शपथेवर बोललात. कल्पना आहे ना?"

"आहे, साहेब."

"यंत्र असं हळूहळू बिघडत नाही. आपटतं, पडतं, आणि त्या दिवसापासून बिघडतं. त्याआधी ते बरोबर होतं असा पुरावा असला, की तिथे रेघ मारता येते. रेघेच्या आधीचे सगळे पक्के." मग चष्मा पुसत म्हणाले, "सोमवारचं रजिस्टर कोर्टाला पुरणार नाही. जादा तपासणीचा एखादा कागद असेल तुमच्याकडे. सविस्तर. शोधा."

शोधा म्हणजे काय ते मला कळलं आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं.

९ जून, गुरुवार

शोधला.

जादा तपासणीची वेगळी वही असते, गुलाबी पानांची. तारीख ३ फेब्रुवारीच्या नंतरची हवी, नाहीतर माझी शपथ खोटी ठरते. आणि सोमवार हवा, कारण त्याच दिवशी यंत्रं आमच्याकडे असतात. पानं चाळली. एका सोमवारचं पान संपूर्ण कोरं सापडलं. दिवसभरात एकही नोंद नाही. देवाने दिल्यासारखं. १४ मार्च. त्या पानावर सतरा नंबरची संपूर्ण तपासणी लिहिली. मिश्रणाचं तापमान, हवेचं तापमान, तिन्ही आकडे. पन्नास, एकोणपन्नास, पन्नास. शाई जुनी वाटावी म्हणून पान खिडकीत उन्हात ठेवलं.

वाईट वाटतंय का? हो, वाटतंय, ते मी लपवत नाही. पण त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलंय. नोकरी गेली, बायको गेली, खोली गेली. आता मी बुडालो तर हिचं कोण? एकाच घरातले दोघे बुडण्यात शहाणपण नाही.

१३ जून, सोमवार

मेहुणा व्यसनमुक्तीच्या वर्गाला जायला लागलाय. पोस्टाने सांगितलं, वर्ग पूर्ण करून दाखला आण, मग सायकल नाही, पण आत बसून टपाल वेगळं करायचं काम देऊ. तो वर्गाच्याच वसतिगृहात राहतो. पत्ता नाही म्हणून त्याची पत्रं आमच्या घरी येतात. येतात म्हणजे, यायची तर आमच्याकडे येतील. अजून एकही आलेलं नाही.

वर्गात रोज उभं राहून म्हणावं लागतं की त्या दिवशी मी प्यायलो होतो. ही सांगत होती. तो म्हणत नव्हता म्हणून दोनदा पहिल्या पायरीवर परत बसवला. हटवादी आहे.

२७ जून, सोमवार

निर्दोष सुटलो! निकाल वीस मिनिटांत. यंत्र सदोष, आरोपी निर्दोष, आणि १४ मार्चच्या सविस्तर तपासणीनुसार त्या तारखेपर्यंत यंत्र बरोबर होतं. न्यायाधीशांनी 'काळजीपूर्वक ठेवलेली नोंद' असे शब्द वापरले. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि फाईल बंद केली.

साहेबांनी सगळ्यांदेखत पाठीवर थाप मारली. शिपायाने खुर्ची पुसून दिली. त्या कोवळ्या पोलिसाला कोर्टाच्या पायऱ्यांवर गाठून विचारलं, "काय, येतंय का आता हसू?" तो म्हणाला, "सॉरी काका." फार बरं वाटलं.

२ जुलै, शनिवार

निकालाची प्रत घरी आली. मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर ही टेबलाशी बसून वाचत होती. तिने बोट एका ओळीवर ठेवलं होतं आणि ते उचलत नव्हती.

"अहो, चौदा मार्चला तुम्ही यंत्र तपासलंत?"

"तिथे लिहिलंय ना."

"चौदा मार्चला तुम्ही कोर्टात होतात. याच यंत्राच्या जोरावर माझ्या भावाच्या विरुद्ध बोलत होतात. दिवसभर. मी डबा घेऊन मागे बसले होते."

पान कोरं का होतं ते मला तेव्हा कळलं. माझी खोलीच त्या दिवशी बंद होती. सोमवारची पेटी मंगळवारी उघडली होती. मी टॉवेल गुंडाळून ओल्या पायांनी तिथेच उभा राहिलो.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. म्हणाली, "मी कुणाकडे जाणार नाही. कोर्टात नाही, ऑफिसात नाही. तुम्ही फक्त त्याला सांगा. एकट्याला. की तू प्यायला नव्हतास, आणि मला ते ठाऊक आहे. तो वेडा व्हायला आलाय हो. परवा मला विचारत होता, ताई, माणूस पिऊन विसरू शकतो का?"

मी म्हटलं, उद्या जातो.

३ जुलै, रविवार

गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो, हे इथे लिहून ठेवतो.

वसतिगृहाची खोली तीन खाटांची. त्याने खाटेखाली खोके ठेवून त्यांचे कप्पे केलेत. एकात साबण, एकात कंगवा, एकात मोजे, सगळं ठाकठीक वेगळं केलेलं. वाळलाय. मला पाहून उठला, खाटेवरची चादर नीट केली. "बसा ना, भावोजी. सुटलात, ऐकलं. आनंद झाला." खरंच झाला होता त्याला. त्याचा हा स्वभावच मला कधी सोसला नाही.

"यंत्र बिघडलेलं होतं म्हणे तेच?"

"मार्चनंतर बिघडलं," मी म्हटलं.

"म्हणजे माझ्या वेळी बरोबर होतं."

"हो."

हा शब्द कसा गेला तोंडातून ते कळलं नाही. आता सांगू, चहा झाल्यावर सांगू, असं करत बसलो. मग त्याने एक कागद पुढे केला. वर्गाची शेवटची पायरी म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त दुखावलं त्याला पत्र. त्याने मुलीला लिहिलं होतं. 'बाळ, तू सगळ्यांना सांगत होतीस की बाबा प्यायला नव्हता. पण त्या दिवशी बाबा कदाचित प्यायला होता, आणि तुझ्याशी खोटं बोलला.'

"वर्गाच्या सरांनी दोनदा परत दिलं," तो म्हणाला. "म्हणतात, हे 'कदाचित' काढल्याशिवाय दाखला नाही. आणि दाखला नाही तर पोस्टात कामावर घेणार नाहीत, पुढच्या सोमवारी जायचंय. भावोजी, मला आठवतो तो अर्धाच ग्लास. पण चार महिने सगळे सांगतायत, तर आता डोळ्यासमोर आणला की तो भरलेला दिसतो. तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच सांगा. मी प्यायलो होतो ना?"

खोलीत आणखी कोणी नव्हतं. मी विचार केला, आता सांगितलं तर हा पत्र लिहिणार नाही. दाखला नाही, नोकरी नाही. वर कोर्टात जाईल, तिथे वर्षानुवर्षं भिजत घोंगडं, आणि माझं तर विचारूच नका. सांगण्याने कुणाचं भलं होत होतं?

"हो," मी म्हटलं. "एका शब्दापायी नोकरी घालवू नकोस."

त्याने कागद खाटेवर सपाट केला. मग पेन मला दिलं. "माझ्याच्याने होत नाही. तुम्ही खोडा."

मी खोडलं. नीट, आडवी एकच रेघ. त्याने पुन्हा सुवाच्य लिहून काढलं, खाली मुलीसाठी एक छोटी सायकल काढली, मग सरांना दाखवून आला आणि पाकीट चिकटवून मलाच दिलं. "जाता जाता पेटीत टाकाल? मला पेटीजवळ जाववत नाही अजून."

पुलाजवळच्या पेटीत टाकलं. टाकायच्या आधी थोडा थांबलो होतो. एक म्हातारी मागे उभी होती, तिला घाई होती.

घरी आल्यावर ही दारातच होती. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"रडला. मग मला म्हणाला, जाऊ द्या भावोजी."

ती भिंतीला टेकून खालीच बसली आणि हमसून हमसून रडली. मलाही भरून आलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला ते सगळं घडल्यासारखंच वाटत होतं.

६ जुलै, बुधवार

घरात किती महिन्यांनी शांतता आहे. हिने माझ्या शर्टाला बटण लावलं, न सांगता. जेवताना म्हणाली, "माणूस चुकतो. सांगितलंत, हे मोठं काम केलंत." मी मान डोलावली. लग्नाला बावीस वर्षं झाली, इतक्या मायेने ती माझ्याशी कधी बोलली असेल आठवत नाही.

१० जुलै, रविवार

दुपारी मेहुणा आला. दाखला घेऊन. उद्यापासून कामावर. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. हिने त्याला दारातच कवटाळलं.

"आता सुटलास बघ," ही म्हणाली. "छातीवरचा दगड उतरला असेल. इतके दिवस स्वतःलाच खात होतास."

"उतरला, ताई. भावोजींनी धीर दिला म्हणून. नाहीतर माझ्याच्याने ते पत्र झालं नसतं."

"कसलं पत्र?"

"मुलीला लिहिलं ना. की बाबा प्यायला होता म्हणून. 'कदाचित' भावोजींनीच खोडून दिलं."

मी "पाणी घेऊन येतो" म्हणून उठलो. हिने माझा दंड धरला. इतकी ताकद तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

"अरे, यांनी तुला सांगितलं ना?" ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "यंत्र तेव्हाही बिघडलेलं होतं. तू प्यायला नव्हतास. चौदा मार्चचा कागद यांनी नंतर लिहिला. सांगितलं ना यांनी तुला? तू रडलास. जाऊ द्या म्हणालास."

तो माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "तुझ्या नोकरीसाठी—"

मला वाटलं तो अंगावर येईल. मी तयारही होतो. पण त्याने फक्त विचारलं, "पत्र टाकलंत?"

"टाकलं."

"कुठल्या पेटीत?"

"पुलाजवळच्या."

"रविवारी किती वाजता?"

"पाच वाजले असतील."

तो बोटांवर मोजायला लागला. अगदी हळू, कामाच्या आवाजात. "रविवारी ती पेटी उघडत नाहीत. सोमवारी सकाळी सहाला उघडतात. दुपारच्या गाडीने निघतं. मंगळवारी तिकडे पोचतं, रात्री वेगळं होतं. बुधवारी अकराच्या आत दारात." मग बोटं मिटली. "बुधवारी तिला शाळेला सुट्टी असते. दार तीच उघडते."

तेवढं बोलून त्याने दाखल्याची घडी घातली आणि खिशात ठेवली. ही आत गेली, पिशवीत दोन साड्या कोंबल्या, आणि दोघे निघाले. पाचची बस होती, मुलीच्या गावाची. जाताना हिने माझ्याकडे पाहिलं नाही. लावलेलं बटण मी हाताने चाचपत बसलो होतो.

१२ जुलै, मंगळवार

हिचा फोन आला. मुलीने दार उघडलं नाही. मुलीच्या आईने खिडकीतून सांगितलं, आधी खोटं कुठलं ते ठरवून या. ही भावाबरोबरच राहणार आहे. "त्याचं एखादं पाकीट आलं तर ठेवा. तो घ्यायला येणार नाही, मी येईन."

पाकीट आजच आलं. पेन्सिलने लिहिलेला पत्ता, अक्षरं मोठी. त्याच्या नावाने आमच्या पत्त्यावर आलेलं पहिलं पाकीट. शिक्का गुरुवारचा आहे, म्हणजे हे दोघे तिकडे जायच्या आधीच टाकलेलं. टेबलावर ठेवलंय. हिला फोनवर बोलायचं राहून गेलं.

१८ जुलै, सोमवार

समन्स आलं. मेहुण्याने अर्ज केलाय. माझ्या साक्षीचं कोर्टाचं टिपण आणि माझं गुलाबी पान, दोन्ही एकाच तारखेची, शेजारी शेजारी ठेवली जातील. ही साक्ष द्यायला उभी राहणार आहे. साहेबांनी आज मला ओळख दाखवली नाही. ते म्हणे गेल्याच आठवड्यात लेखी देऊन मोकळे झालेत की तो कागद त्यांनी कधी पाहिला नव्हता. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "आता तोंड बंद ठेवा. आणि कुणालाही लेखी काही देऊ नका. एक ओळही नाही."

आज तेवीसच्या तेवीस यंत्रं तपासली. तळापासून सुरुवात केली. आठ तास लागले. सगळी बरोबर होती.

घरी येऊन पाकीट उघडलं. हिने ठेवा म्हटलं होतं, उघडू नका असं नव्हतं म्हटलं. आत वहीचं अर्धं पान.

'बाबा, मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं की तू प्यायला नव्हतास. मी त्यांच्याशी भांडले होते. आता मी त्यांना काय सांगू?'

खाली काही नाही. सायकल-बियकल काही काढलेली नाही.

तीनदा वाचलं. मग कागद घेतला आणि तिला उत्तर लिहायला बसलो. एवढं तरी करावं. मी काही राक्षस नाही. लिहिलं, 'बाळा, त्यांना सांग, तुझा बाबा त्या दिवशी प्यायला नव्हता.' वाचून पाहिलं. अक्षर माझं, कागद माझा, आणि उद्या हाच कागद कोर्टात माझ्यासमोर येऊ शकतो. वकीलबाईंचं म्हणणं आठवलं.

तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, 'तुझा बाबा त्या दिवशी कदाचित प्यायला नव्हता.' एवढं असलं तर चालेल. उद्या पुलाजवळच्या पेटीत टाकतो.